टँकमधले मासे एकेक करून मरतायत, मदत हवी आहे

दिवाळीच्या किल्ल्याचा सिमेंटचा बुरूज मुलाच्या हट्टापायी टँकमध्ये ठेवला. आधी आठ दिवस बादलीत भिजवला होता, तरी चार दिवसांत सहा निऑन टेट्रा गेले. गप्पी मात्र ठणठणीत! मेलेल्यांवर ना पांढरे ठिपके, ना कुजलेले पर. आदल्या दिवशी वर येऊन नुसती तोंडाची उघडझाप. टँक ६० लिटरचा, दीड वर्ष जुना, फिल्टर चालू, पाण्यात अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) शून्य. पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी याचं माप; ७ म्हणजे मधोमध) मात्र ७ वरून थेट ८.६. बुरुजावर बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते, म्हणजे चुनाच सुटत असणार. बुरूज बाहेर काढलाय. आता सगळं पाणी एकदम बदलू की रोज थोडं थोडं? आणि व्हिनेगरमध्ये भिजवून बुरूज परत ठेवता येईल का? चिरंजीव रोज विचारतायत.