व्हिजन प्रोसाठी ३,४९९ डॉलर मोजावेत का?

कोकणकडा:
न्यू जर्सीत राहतो. ॲपल व्हिजन प्रो, म्हणजे डोळ्यांसमोर स्क्रीन दाखवणारा हेडसेट, एम५ चिपवाला, घ्यायच्या विचारात आहे. वापर दोनच. घरात मॉनिटर ठेवायला जागा नाही, म्हणून मॅकबुकसाठी मोठा स्क्रीन. आणि मुंबईच्या थेट फ्लाइटमध्ये सिनेमे. गेम खेळत नाही. दोन्ही डोळ्यांना उणे साडेचार नंबर आहे. मॅक ऑफिसने दिलेला आहे. मेटाचा क्वेस्ट ३ हेडसेट कितीतरी स्वस्त मिळतो, मग एवढे जास्त पैसे कशाचे?

भिंगवाला:
आधी हिशेब पुरता करू. ३,४९९ ही २५६ जीबीची किंमत. चष्मा लावून हा हेडसेट घालता येत नाही, त्यामुळे झाइसच्या नंबरच्या भिंगांचे १४९ आलेच. ॲपलकेअर प्लस, म्हणजे ॲपलचा दुरुस्तीचा विमा, दोन वर्षांचं ४९९. झाले ४,१४७, वर सेल्स टॅक्स. विमा वगळून पैसे वाचवायला जाऊ नका. विम्याशिवाय नुसती पुढची काच बदलायची तरी शेकडो डॉलर जातात.

भिंगांसाठी मुदतीतलं प्रिस्क्रिप्शन लागतं. नंबरमध्ये प्रिझम (दोन्ही डोळ्यांची नजर जुळवणारी सुधारणा) असेल तर ती बनवून मिळत नाहीत. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर भिंगांची गरजच नाही. हार्ड लेन्सवर मात्र आतल्या कॅमेऱ्यांना नजर नीट टिपता न येण्याची शक्यता असते, आणि इथे सगळं नजरेनेच निवडायचं असतं.

धागादोरा:
पैशांआधी ऑफिसच्या मॅकचं बघा. मॅकचा स्क्रीन हेडसेटमध्ये आणायला दोन्हीकडे एकच ॲपल अकाउंट लागतं, तेही टू-फॅक्टर (पासवर्डसोबत कोडची दुहेरी पडताळणी) चालू असलेलं; शिवाय वायफाय आणि ब्लूटूथ सुरू हवं. अनेक कंपन्या त्यांच्या मॅकवर खासगी अकाउंट लावू देत नाहीत, किंवा स्क्रीन शेअरिंग बंद ठेवतात. आयटीला आजच विचारा. ते नाही म्हणाले तर तुमचा अर्धा वापर तिथेच संपला.

हो म्हणाले तर फरक खराखुरा आहे. ॲपल सिलिकॉनचा मॅक आणि मॅकओएस १५.२ किंवा पुढचं असेल, तर दोन ४के मॉनिटर शेजारी ठेवल्याएवढा रुंद, वळणदार स्क्रीन मिळतो. जास्तीचे पैसे कशाचे, याचं उत्तर अक्षरांच्या रेखीवपणात आहे: नजरेच्या एका अंशात इथे सुमारे ३४ पिक्सेल बसतात, क्वेस्ट ३ मध्ये २५. दिवसभर कोड वाचणाऱ्याला हे लगेच जाणवतं. तरीही टेबलावरचा साधा ४के मॉनिटर याहून बराच रेखीव दिसतो, म्हणून फाँट एक-दोन घरं वाढवूनच काम करावं लागेल. जागेची अडचण नसती तर मी मॉनिटरच सुचवला असता.

मानेचा_मित्र:
वजनाबद्दल कुणीच बोललं नाही. एम५ मॉडेल ७५० ते ८०० ग्रॅम, बॅटरी वेगळी, ती खिशात. क्वेस्ट ३ बॅटरीसकट ५१५. डोक्याभोवतीच्या नव्या ड्युअल निट पट्ट्यात मागच्या बाजूला टंगस्टन घातलंय, त्यामुळे तोल सावरतो; पण एकूण भार मानेवर येतोच. गालांवर दाब येत असेल तर दोष बहुतेक वेळा लाइट सीलच्या, म्हणजे चेहऱ्याला टेकून बाहेरचा उजेड अडवणाऱ्या कडेच्या, मापाचा असतो. दुकानात चेहरा पुन्हा स्कॅन करून माप बदलून घ्या. सील जाड झाली की डोळे भिंगांपासून लांब जातात आणि दिसण्याची चौकट आखडते.

दुकानातला डेमो फुकट असतो, पण अर्ध्या तासात मान दुखत नाही. परतीची मुदत १४ दिवस. पहिल्या दोन-तीन दिवसांतच सलग दोन तास स्वतःचं काम करून बघा, तेही रोज.

धागादोरा:
विमानाचं राहिलं. बॅटरी व्हिडिओला साधारण तीन तास पुरते, फ्लाइट पंधरा तासांची. हेडसेटमध्ये स्वतःची बॅटरी नाही. वायर सुटली की तो तत्काळ बंद. चार्जर बॅटरीच्या यूएसबी-सीला जोडून ठेवा. सीटमधलं यूएसबी बहुधा कमी पडतं. प्लग पॉइंट असेल तर ३० वॉटचा ॲडॉप्टर न्या. हेडसेटचा ट्रॅव्हल मोड चालू करा, नाहीतर विमानाच्या हालचालीने समोरच्या ॲपच्या खिडक्या सरकत राहतात. सिनेमे घरूनच डाउनलोड करा. नेटफ्लिक्सचं ॲप इथे नाही, ते ब्राउझरमध्येच चालतं, म्हणजे डाउनलोड नाही. आणि भिंगांवर थेट ऊन पडू देऊ नका, आतले डिस्प्ले खराब होतात.

कोकणकडा:
आयटीला मेल टाकली. आधीचा एम२ चिपवाला व्हिजन प्रो सेकंडहँड घेतला तर?

मानेचा_मित्र:
तुमच्या दोन्ही कामांना एम२ पुरेल. घेताना समोर बसून विकणाऱ्याकडून फाइंड माय (हरवलेलं उपकरण शोधायची सोय) बंद करून घ्या, नाहीतर ॲक्टिव्हेशन लॉकमध्ये अडकाल, म्हणजे त्याच्या अकाउंटशिवाय हेडसेट सुरूच करता येणार नाही. पुढच्या काचेवर केसासारखी चीर आहे का, हे दिवा तिरका धरून बघा. लाइट सील विकणाऱ्याच्या चेहऱ्याच्या मापाची असणार, नव्या सीलचे १९९ धरा. ड्युअल निट पट्टा जुन्यालाही बसतो, तो ९९ ला सुटा मिळतो.