मोराहन म्हणजे फक्त ‘ज्वेल इन द क्राउन’ नाही

ब्रिटिश दिग्दर्शक क्रिस्टोफर मोराहन यांचं खरं मोठं काम एकच, ब्रिटिश राजवटीतल्या भारतावरची टीव्ही मालिका ‘द ज्वेल इन द क्राउन’, असं म्हटलं जातं. हे मला पटत नाही.

त्याच्या तब्बल १८ वर्षं आधी, १९६६ साली, त्यांनी बीबीसीसाठी ‘टॉकिंग टू अ स्ट्रेंजर’ दिग्दर्शित केलं. लेखक जॉन हॉपकिन्सची चार टीव्ही नाटकं, एकच कुटुंब, तोच वीकेंड. पहिलं मुलीच्या नजरेतून, मग वडील, मग मुलगा आणि सगळ्यात शेवटी आई. तीच खोली, तेच बोलणं पुन्हा समोर येतं, पण आता आपण दुसऱ्याच्या बाजूला बसलेलो असतो. आधी नुसती कटकट वाटलेली आई चौथ्या भागात काळीज हलवते. मुलगी झालेल्या जुडी डेंचला त्यासाठी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. माझ्या मते हेच त्यांचं सर्वोत्तम काम.

पुढे ते बीबीसीत नाट्यविभागाचे प्रमुख झाले, नॅशनल थिएटरमध्येही रमले.

‘ज्वेल’मध्ये (ग्रॅनाडा टीव्ही, १९८४, १४ भाग) ते निर्माते होतेच, शिवाय जिम ओब्रायनसोबत दिग्दर्शकही. उदयपूर, सिमला, म्हैसूरला चित्रीकरण झालं. पण माझ्या लक्षात राहिलाय तो तुरुंगातला प्रसंग: टेबलापलीकडे आर्ट मलिकचा हरी कुमार, अस्सल इंग्रजी उच्चारात, आवाज न चढवता आपल्यावर झालेले अत्याचार सांगतोय. कॅमेऱ्याला त्याच्या चेहऱ्यावरून हलायची घाई नाही. अभिनेत्यावर एवढा भरवसा ‘टॉकिंग’मध्येही दिसतो. जमलं तर आधी ते बघा.