उद्योजकतेची पदवी घ्यावी की दुकानाच्या गल्ल्यावर बसावे?

धागाकर्ता, फोंडा:
माझी भाची वाणिज्य शाखेतून बारावी झाली असून तिला बी.बी.ए.ला उद्योजकता हा विषय घ्यायचा आहे. मला हे पटत नाही. उद्योगाला जिद्द, पत आणि भांडवल लागते, आणि यांपैकी एकही गोष्ट महाविद्यालय देत नाही. शेवटी नोकरीच शोधायची असेल, तर सरळ सी.ए.ची तयारी का करू नये?

डिचोलीहून:
आमच्या तालुक्यात कित्येकांनी कर्ज काढून खनिज वाहतुकीसाठी ट्रक घेतले होते. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, मधल्या काळात काही सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक दारात उभे राहिले, हप्ते मात्र चालूच राहिले. जिद्द, पत, भांडवल हे सगळे त्या लोकांपाशी होते. सगळे उत्पन्न एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून असेल, तर ते गेल्यावर काय करायचे, हा प्रश्न वेळीच विचारण्याची सवय तेवढी नव्हती. (आमच्या घरचाही एक ट्रक त्यात होता, म्हणून जरा तिखट लिहितो आहे.) ही सवय वर्गात लावता येते.

म्हापशाहून:
न्यायालयाचा निकाल काय लागेल, हे कोणता प्राध्यापक आधी सांगणार होता? माझ्या दुकानात प्रकल्पासाठी आलेल्या विद्यार्थ्यांनी काजूगरांच्या विक्रीचा देखणा आराखडा केला होता. पण पावसाळ्यात गर नरम पडून माल परत आला, तर ते नुकसान कोणी सोसायचे, यासाठी त्यात रकानाच नव्हता. उधारी मागताना गिऱ्हाईक तुटू न देण्याची कला तर दूरच.

मडगावहून:
या पदवीनंतर स्वतःचाच उद्योग काढला पाहिजे, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. बँकांच्या लघुउद्योग कर्ज विभागात, नवउद्योगांत, फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयातील ‘फायर’सारख्या इन्क्युबेशन केंद्रांत (नवउद्योगांना सुरुवातीला आधार देणाऱ्या केंद्रांत) किंवा घरच्या व्यवसायातही हे शिक्षण उपयोगी पडते. अहमदाबादची भारतीय उद्योजकता विकास संस्था तर १९८३ पासून हाच विषय शिकवत आली आहे. मात्र पहिली नोकरी पुष्कळदा विक्री विभागातच मिळते, आणि प्रवेशाच्या वेळी हे कोणी सांगत नाही.

धागाकर्ता, फोंडा:
एकाच गिऱ्हाइकाचा मुद्दा मला पटला; सी.ए.चा आग्रह मी सोडतो. म्हापशाच्या दुकानदारांना विनंती, की प्रवेशापूर्वी महिनाभर भाचीला आपल्या गल्ल्यावर बसू द्याल का? काजूगरांचा तो रकाना तिलाच भरू द्या.