गच्चीवर डायनासोर: कोणता भाग लावायचा?

बी-२०१ मंजिरीताई: शनिवारच्या गच्ची-सिनेमाचं ठरवायचं आहे. पोट्ट्यांनी एकमताने डायनासोर मागितला. पण त्या ज्युरासिकचे आतापर्यंत सात भाग निघाले. कोणता लावू? उद्या संध्याकाळपर्यंत सांगा, नंतर माझ्या नावाने ओरडायचं नाही.

सचिव (ए-१०४): कोणताही लावा. १० वाजता आवाज बंद. मागच्या वेळी बाजूच्या बिल्डिंगमधून मलाच फोन आला होता.

सी-३०४ प्रशांतभाऊ: ज्युरासिक वर्ल्ड लावा ना ताई, २०१५ चा. आपला इरफान आहे त्यात, अख्ख्या पार्कचा मालक. विषय संपला.

ए-४०३ नकुल: भाऊ, तो मालक हेलिकॉप्टरसकट अर्ध्यातच जातो.

सी-३०४ प्रशांतभाऊ: जाईना का. जोवर आहे तोवर स्क्रीनवर दुसऱ्या कोणाकडे पाहावंसं वाटते का? सांग.

ए-४०३ नकुल: ते बराबर आहे.

ए-३०१ आर्या: त्यात मोसासॉरस पाण्यातून उडी मारून आख्खा शार्क गिळतो!!! माझं मत वर्ल्डला.

बी-५०२ शुभांगी वहिनी: माझं पोट्टं सहा वर्षांचं आहे. त्यातल्या त्यात कमी भीतीचा कोणता, तेवढं सांगा. रात्रभर मला जागवते मग तो.

ए-४०३ नकुल: वहिनी, खरं सांगू? सगळ्यात जास्त भीती पहिल्याच भागात आहे, १९९३ च्या. पण त्यात रक्त फार कमी दिसतं. १२७ मिनिटांच्या सिनेमात डायनासोर पडद्यावर जेमतेम पंधरा मिनिटं आहेत, त्यातले कॉम्प्युटरवर केलेले तर सहाएकच. बाकीचे स्टॅन विन्स्टनच्या टीमने बनवलेले खरेखुरे, यंत्रावर हलणारे पुतळे. टी-रेक्स तासभर येतच नाही. आधी त्याच्यासाठी बकरी बांधतात, तो येत नाही. सगळे कंटाळतात. मग पाऊस, लाइट गेलेली, गाडीत दोन पोरं, आणि डॅशबोर्डवरच्या ग्लासातल्या पाण्यात गोल गोल तरंग. पुन्हा पाहतात तर बकरी नाही. त्या तरंगासाठी गाडीखाली गिटारची तार ताणून ती छेडली होती. बाकी काही केल्या तसे गोल तरंग उठत नव्हते.

आणि तो हल्ला होतो तेव्हा पार्श्वसंगीत शून्य. जॉन विल्यम्ससारखा संगीतकार हाताशी असताना दिग्दर्शक स्पीलबर्गने तिथे एक सूर वाजू दिला नाही. नुसता पाऊस आणि गुरगुर.

सी-३०४ प्रशांतभाऊ: अरे पण तीस वर्षांहून जुना सिनेमा तो. आजचे पोट्टे हसतील त्या ग्राफिक्सवर.

ए-४०३ नकुल: नाही हसत, पैज लावा. गाडीवर वाकलेला टी-रेक्स हा ४० फुटी यंत्र-पुतळा होता, खरंच तिथे उभा केलेला. त्याची फोमची कातडी पावसाचं पाणी प्यायची आणि वजनाने तो आपोआप थरथरायला लागायचा. माणसं लावून पुसत बसायचे त्याला. म्हणून काच दाबली जाते तेव्हा पोरांचे चेहरे खरे वाटतात.

सचिव (ए-१०४): बी विंगची टाकी ओव्हरफ्लो होऊन राहिली. मोटर कोणी सुरू केली ते बंद करा आधी. मे महिना आहे.

बी-४०२: केली बंद. सॉरी.

ए-१०२ राऊत काका: नमस्कार मंडळी. नकुलशी सहमत. एक भर घालतो. त्या टी-रेक्सच्या डरकाळीत हत्तीचं पिल्लू, मगर आणि वाघ यांचे आवाज मिसळलेले आहेत. ताडोब्याच्या इतक्या जवळ, नागपुरात राहणाऱ्यांनी तरी तो वाघ ओळखावा.

ए-३०१ आर्या: काका तुम्ही जीएसआयमध्ये, म्हणजे भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होता ना? मग सिनेमातले ते शिकारी रॅप्टर खरंच एवढे मोठे होते का?

ए-१०२ राऊत काका: होतो, सेमिनरी हिल्सच्या ऑफिसातून रिटायर झालो. नाही बाळा. खरा व्हेलोसिरॅप्टर टर्की कोंबड्याएवढा, अंगावर पिसं. सिनेमात दाखवतात तो आकार त्याच्या मोठ्या भाऊबंदाच्या, डायनोनिकसच्या जवळ जातो. पण एवढं चालवून घ्यावं. स्वयंपाकघरात दार उघडून ते आत येतात तो सीन टर्कीला घेऊन जमला नसता.

बी-५०२ शुभांगी वहिनी: मला विचाराल तर दुसरा. १९९७ चा. ट्रेलर गाडी कड्यावर लटकलेली, ती बाई काचेवर पालथी पडलेली आणि तळहाताखाली काच तडकत जाते, बारीक बारीक. खाली समुद्र. मी हॉस्टेलला असताना पाहिला होता, अजून लिफ्टच्या काचेला हात लावत नाही. आणि ते दोघं टी-रेक्स येतात कशासाठी, तर पिल्लू न्यायला. त्यांचं काय चुकलं?

ए-४०३ नकुल: वहिनी, तुम्हीच म्हणत होत्या ना कमी भीतीचा सांगा 😄

बी-५०२ शुभांगी वहिनी: ते पोट्ट्यासाठी. माझ्यासाठी नाही.

ए-४०३ नकुल: दुसऱ्यात तो काचेचा सीन आणि उंच गवतातले रॅप्टर, हे दोन सोडले तर शेवटी टी-रेक्स सॅन डिएगो शहरात आणतात ते वरून चिकटवल्यासारखं वाटतं. स्पीलबर्गचाच आहे, पण मन नव्हतं असं वाटतं त्याचं.

बी-२०१ मंजिरीताई: मिनिटं सांगा रे प्रत्येकाची. सचिवसाहेबांचे १० वाजतात.

ए-४०३ नकुल: पहिला १२७. दुसरा त्याच्याच आसपास. तिसरा (२००१) फक्त ९२. वर्ल्ड १२४, फॉलन किंगडम (२०१८) १२८, डोमिनियन (२०२२) १४७. सातवा रीबर्थ, २०२५ चा, सव्वादोन तासांच्या घरात.

सचिव (ए-१०४): ९२ वाला लावा. ठराव मंजूर.

सी-३०४ प्रशांतभाऊ: साहेब, सिनेमा आहे, टेंडर नाही. सगळ्यात कमी बोली वाला घ्यायला.

ए-३०१ आर्या: पण तिसरा भारी आहे ना दादा! स्पायनोसॉरसच्या पोटात सॅटेलाइट फोन वाजतो. रिंग ऐकू आली की समजायचं तो आला.

ए-४०३ नकुल: तिसऱ्याला लोक उगाच नावं ठेवतात, हे मलाही मान्य आहे. स्पायनोसॉरस टी-रेक्सची मान मोडतो म्हणून अर्धी दुनिया चिडली. पण धुक्यातला तो पिंजऱ्यातला पूल आठवा. पलीकडून काहीतरी चालत येतं आहे, टक टक, आणि धुक्यातून उडणाऱ्या टेरानोडॉनची चोच बाहेर येते. पहिल्या भागानंतर तसं दडवून दाखवणं फक्त तिथे जमलं. गोष्ट मात्र अशी संपते की थेटरात लाइट लागले तेव्हा लोक इंटरव्हल समजले असतील.

ए-१०२ राऊत काका: स्पायनोसॉरसची शेपटी वल्ह्यासारखी चपटी होती हे २०२० मध्ये मोरोक्कोतल्या हाडांवरून कळलं. तिसऱ्या भागाच्या वेळी कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांना दोष नाही.

सी-३०४ प्रशांतभाऊ: डोमिनियन कोणी लावायचं नावही काढू नका. डायनासोर जगभर पसरले म्हणून तिकीट काढलं, आणि आत काय तर टोळ! मोठ्ठाले टोळ. अरे २०२० च्या मे महिन्यात काटोलकडे खरी टोळधाड आली होती, आमच्या मामाने शेतात ताटं बडवली. ते पाहायला पैसे देऊ का मी?

बी-४०२: 😂😂 पण पहिल्या भागातले जुने तिघं परत आले होते ना त्यात.

सी-३०४ प्रशांतभाऊ: आले. आणि त्यांना टोळ मोजायला लावले.

ए-३०१ आर्या: फॉलन किंगडममध्ये बेटावर ज्वालामुखी फुटतो आणि तो लांब मानेचा धक्क्यावर एकटाच राहतो, धुरात. मी रडले होते.

ए-४०३ नकुल: तो पहिल्या भागातलाच ब्रॅकिओसॉरस आहे, दिग्दर्शकाने स्वतः सांगितलं आहे. सिनेमा तिथेच संपवायला हवा होता. पुढे सगळे एका बंगल्यात कोंडले जातात आणि डायनासोरचा लिलाव होतो.

माझं दुखणं वेगळंच आहे. २०१५ पासून यांना खरे डायनासोर पुरेनासे झाले. वर्ल्डमध्ये लॅबमध्ये बनवलेला इंडोमिनस, मग तसाच इंडोरॅप्टर, सातव्यात डिस्टॉर्टस रेक्स म्हणून सहा हातपायांचं काहीतरी. प्रत्येक वेळी आणखी मोठा, आणखी दात. पोह्यावर तर्री असते म्हणून चव येते, पण यांनी नुसती तर्रीच वाट्यांनी वाढली. पहिल्यात दोन पोरं आणि एक बंद पडलेली गाडी पुरली होती.

सी-३०४ प्रशांतभाऊ: वर्ल्डमध्ये शेवटी म्हातारा टी-रेक्स येतो, पहिल्या भागातलाच, मानेवर जुन्या जखमांचे व्रण घेऊन. थेटरात शिट्ट्या पडल्या होत्या. ते विसरू नको बे.

ए-४०३ नकुल: ती आहे म्हणे, मादी. पण हो, शिट्टी मीही मारली होती.

ए-१०२ राऊत काका: सातव्याबद्दल मात्र जरा थांबा. त्यात छातीएवढ्या गवतातून टायटॅनोसॉरस या लांब मानेच्या डायनासोरची जोडी चालते, लांबच लांब शेपट्या. मी थेटरात सुनेला म्हटलं, हे आपल्याकडचे. टायटॅनोसॉरस हे नाव १८७७ मध्ये लिडेकर या इंग्रज शास्त्रज्ञाने जबलपूरकडच्या हाडांवरून दिलं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला १९८० च्या दशकात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी त्याच कुळातल्याचा मोठा सांगाडा खणला. आज त्याला इसिसॉरस म्हणतात.

आणि त्याच भागात, वरोऱ्याजवळ पिसदुरा म्हणून गाव आहे. तिथे शेतात डायनासोरचं शेण पडलेलं असतं. दगड झालेलं. आपले हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, त्या पाद्री हिस्लॉप साहेबांनी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी तिथले जीवाश्म गोळा केले होते.

सी-३०४ प्रशांतभाऊ: काका, शेण?

ए-१०२ राऊत काका: शेण. हातात घेतलं तर मुठीत मावेल एवढं, तपकिरी-राखाडी, काहींना पीळ पडलेला, एका टोकाला निमुळतं. नांगराच्या सरीत ढेकळांबरोबर वर येतं. जिभेला लावून पाहायचं धाडस मी केलं नाही, पण आमच्यातले एक सर करायचे. २००५ मध्ये ते फोडून तपासलं, तर आत गवताच्या पानातले सिलिकाचे सूक्ष्म कण निघाले. तोवर समज असा की डायनासोरच्या काळात गवत जवळपास नव्हतंच. ते 'सायन्स' मासिकात छापून आलं. खाणारे बहुधा हेच टायटॅनोसॉर. म्हणजे हॉलीवूडने उंच गवतात ते चालवले, त्याचा पुरावा आपल्या वरोऱ्याच्या शेतात पडलेला होता.

ए-४०३ नकुल: काका, हे तुम्ही इतके दिवस लिफ्टमध्ये का नाही सांगितलं?

ए-१०२ राऊत काका: लिफ्टमध्ये तू फोनमध्ये असतो. आणि खरे पुरत नाहीत म्हणता तर नर्मदेकाठचा राजासॉरस घ्या ना. गुजरातेत रहिओलीला सापडला, २००३ मध्ये नाव मिळालं, कपाळावर आखूड शिंग. त्याला घेऊन सिनेमा काढा. सहा हातपाय लावायची गरज नाही पडणार.

ए-३०१ आर्या: मग सातवाच लावू या!

ए-४०३ नकुल: त्यात नदीवरचा तराफ्याचा सीन झकास आहे. तो १९९० च्या मूळ कादंबरीत होता, पहिल्या सिनेमात घेता आला नव्हता. पण शेवट पुन्हा त्या सहापायीवर जातो. आणि पहिला पाहिलाच नसेल तर गंमत काय? बी विंगच्या अर्ध्या पोरांनी पहिला पाहिलेलाच नाही.

सी-३०४ प्रशांतभाऊ: काय सांगतो! १९९४ मध्ये हिंदीत आला तेव्हा आम्ही बर्डीवरच्या टॉकीजला ब्लॅकमध्ये तिकीट घेऊन पाहिला. पुढे बाल्कनीत एक आजोबा पाय वर घेऊन बसले होते अख्खा सिनेमा. जाऊ द्या, मी वर्ल्ड मागे घेतो. पण हिंदीच लावा, छोट्यांना इंग्लिश वाचत बसवू नका.

बी-५०२ शुभांगी वहिनी: पहिल्यात तो तुटलेला हात खांद्यावर पडतो ना? आणि पोरगा तारेला चिकटतो?

ए-४०३ नकुल: दोन्ही सीन माझ्या लक्षात आहेत. हाताच्या वेळी मी प्रोजेक्टरसमोरून मुद्दाम पाणी घ्यायला जाईन. पोरगा वाचतो, हे आधीच सांगून ठेवा. टी-रेक्स वकिलाला खातो त्या वेळी मात्र काही करू शकत नाही, त्यावर सगळे हसतातच.

बी-२०१ मंजिरीताई: ठरलं. पहिला भाग, हिंदी. ७.३० ला सुरू, अंधार तोवर पडतो, १२७ मिनिटं म्हणजे ९.४० च्या आत संपतं. सी विंगचा कूलर गच्चीवर चढवायला दोन जण लागतील. एक्स्टेंशन प्रशांतभाऊंकडून. सतरंज्या आपापल्या.

सचिव (ए-१०४): ७.३० म्हणजे ७.३०. पाऊण तास माइक टेस्टिंग नको.

ए-३०१ आर्या: राऊत काका, आम्हाला पिसदुऱ्याला नेता का? सुट्टीच आहे.

ए-१०२ राऊत काका: ४५ डिग्रीत? डिसेंबरात जाऊ. पण एक दगड खिशात घालून आणायचा नाही, बघायचा आणि तिथेच ठेवायचा.

सी-३०४ प्रशांतभाऊ: माझी गाडी आहे. सात सीट.

सचिव (ए-१०४): पेट्रोल सोसायटीच्या फंडातून मिळणार नाही.