सरांचे उपकार आहेत, नोकरी सोडू का?

कृष्णाकाठ:
जयसिंगपुरात एका सीएंच्या ऑफिसात अकरा वर्षं काम करते. आम्ही चौघंच. पगार 14,500, पीएफ नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्सला बोलावलंय, 23,000 आणि पीएफ. 1 तारखेला हजर व्हायचंय. मुलगा यंदा बारावीला आहे, त्यामुळे पैशांची गरज खरीच आहे.

पण 2019 च्या पुरात कुरुंदवाडचं आमचं घर पाण्यात गेलं, तेव्हा सरांनी त्यांच्या घराचा वरचा मजला आम्हाला उघडून दिला. सतरा दिवस आम्ही पाचजण तिथं होतो. सासूबाईंची बीपीची गोळी वहिनी (सरांच्या मिसेस) आठवणीनं द्यायच्या. 2017 ला जीएसटी आला तेव्हा मला काही म्हणजे काही येत नव्हतं. सर रात्री आठपर्यंत शेजारी बसून शिकवायचे.

आता सर 67 चे आहेत. मोतीबिंदूमुळे स्क्रीन नीट दिसत नाही. 43 पार्ट्यांचे, म्हणजे ऑफिसच्या ग्राहकांचे, ओटीपी माझ्याच मोबाइलवर येतात. मी गेले तर ऑफिस चालेल कसं? चार दिवस झाले, रात्री झोप नाही.

हिशेबनीस:
ताई, मी स्वतः छोटं ऑफिस चालवतो, म्हणून सरांच्या बाजूनं सांगतो. माझ्या ऑफिसातली मुलगी (माझ्या मुलीसारखीच) नोकरी सोडून गेली तेव्हा ती गेल्याचं वाईट वाटलं, राग नाही आला. राग आला तो तिनं 17 तारखेला सांगितलं म्हणून. 20 ला जीएसटीचं 3बी रिटर्न भरायचं, आणि पासवर्ड तिच्या वहीत! तुम्ही आज सांगा. प्रत्येक पार्टीला बोलावून पोर्टलवर त्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर घालून घ्या. कुणाची डिजिटल सिग्नेचर कधी संपते तेही लिहून ठेवा. उपकार फेडायचेच असतील तर ते असे फेडा.

माळावरची:
मी नाही सोडली. आमचे साहेबही देवमाणूस होते. त्यांना पॅरालिसिस झाला, तीन महिन्यांत ऑफिस बंद. माझं वय तेव्हा 49. दहापेक्षा कमी माणसं, त्यामुळे ग्रॅच्युइटीचा कायदा लागू नव्हता. पीएफही नव्हता. मुलानं ऑफिस विकलं आणि मला एक साडी दिली. साहेबांना अजून भेटायला जाते, त्यांच्यावर राग नाही. पण फाउंड्रीत तुमच्या पगारातून 12 टक्के कापतील तेवढेच कंपनीही भरेल, हे लहान समजू नका.

कृष्णाकाठ:
दोघांनाही मनापासून धन्यवाद. हिशेबनीस दादा, तुमचं वाचून सोमवारी नंबर बदलायला घेतले. दानोळीच्या खतवाल्या काकांचा ओटीपी फोनवर विचारत होते, तेवढ्यात सर मागं येऊन उभे राहिले. म्हणाले, "नंबर का बदलतेस?" तिथंच सांगून टाकलं. रडू आवरलं नाही.

सर खुर्चीत बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पगार मीच वाढवायला हवा होता." मला तर आणखीच मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, सर, असं नका म्हणू. नंतर त्यांनी विचारलं, किती पार्ट्या झाल्या? मी म्हटलं, सात. "उरलेल्या छत्तीस होऊ देत, तोवर जाऊ नकोस."

शिरोलीवाल्यांना फोन करून 1 ची 15 तारीख मागितली. ते हो म्हणाले. काल रात्रीपर्यंत एकोणीस झाल्या.