अनुभव धागा: संकटात मारलेली हाक पोचते का?

गंगापूररोडकर
आधी माझा अनुभव सांगते. मागच्या पावसाळ्यात आईला रात्री अडीचला रक्त हवं होतं, ओ निगेटिव्ह. मोबाइलला तीन टक्के बॅटरी. जिन्यात बसून नवश्या गणपतीला हाक मारली, तर रोजची आरतीसुद्धा आठवेना. नुसतं ‘बाप्पा, बाप्पा’. खाली रिक्षावाला अजून उभा होता, घाईत त्याचं भाडं द्यायचं राहिलं होतं! तोच म्हणाला, “ताई, माझा तोच ग्रुप आहे.” रक्त दिलं. भाडं मात्र घेतलं, १२० रुपये. तुमचे अनुभव लिहा. न मानणाऱ्यांनीही लिहा, फक्त भांडू नका.

भांडीबाजार
४ ऑगस्ट २०१९, रविवार. नाशिकला गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला पूर, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी. आमच्या दुकानात तांब्याचे हंडे तरंगत एकमेकांवर आपटत होते, तो आवाज अजून कानात आहे. सासरे माळ्यावर बसून रामनाम घेत होते. त्यांना मालाची फिकीर नव्हती, उधारीच्या वहीची होती. ती कायम गल्ल्याखालच्या खणात असायची. पाणी ओसरल्यावर पाहिलं, तर वही वर देवाच्या फळीवर, कोरडी ठणठणीत! सासऱ्यांनी रामाला हात जोडले. सासूबाई म्हणाल्या, “शनिवारी झाडताना मीच ठेवली होती वर.” सासरे म्हणाले, “पण तुला बुद्धी कोणी दिली?” हा वाद आमच्याकडे दर पावसाळ्यात होतो.

माळकरी
आमची आजी पौष वारीला त्र्यंबकला पायी जाणारी, गळ्यात तुळशीची माळ. माझी मुलगी सातव्या महिन्यात झाली, २३ दिवस काचेच्या पेटीत होती. तेव्हा आजी शेजारणीबरोबर नाशिकरोडच्या बाळ येशूला मेणबत्ती लावून आली. म्हणाली, “लेकराचं दुखणं लेकरालाच कळतं.” मुलगी आता चौथीत आहे. आम्ही फेब्रुवारीच्या यात्रेला जातो.

द्राक्षबाग, निफाड
माझं जरा उलटं आहे. मण्यात पाणी उतरलेलं, व्यापारी बाग बघून गेलेला आणि संध्याकाळी आभाळ काळं. देवीला म्हटलं, आई, एवढे आठ दिवस सांभाळ. गारा पडल्याच. सकाळी घड हातात घेतला तर मणी फुटून रस कोपरापर्यंत ओघळला. शेजाऱ्याची बाग एका बांधाने वाचली. तोही देवीचाच भक्त, मीही. मग आता काय म्हणायचं?
तरी चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी गेलो. नवस फेडायला नाही, भांडायला. पायऱ्या चढताना धाप लागली, निम्मं भांडण तिथेच विसरलो. उरलेलं बोललो. बायको म्हणते, त्या दिवसापासून रात्री झोपतोस तरी. कर्ज अजून आहे.

गंगापूररोडकर
दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. नाहीतर असे धागे नुसते चमत्कारांचे होतात.

सिडकोवाला
माझा अनुभव अजून व्हायचाय. वडील आत आहेत, ऑपरेशन सुरू आहे. मुंबई नाक्याजवळ दवाखान्याच्या पायरीवर बसून तुमचं वाचतोय. मी देव वगैरे फार मानत नाही. पण मघापासून काहीतरी पुटपुटतोय खरा.

गंगापूररोडकर
एकटेच आहात का? बाबांचा रक्तगट कोणता? गाडी काढतेय, वीस मिनिटांत पोचते.