नुसत्या स्पेक्ट्रमच्या लाइन बघून ब्लॅकहोल कसं ओळखतात? (जीएन-झेड११)

निशाचर_७७: जीएन-झेड११ बद्दल वाचत होतो, बिग बँगनंतर जेमतेम ४३ कोटी वर्षांनंतरची गॅलेक्सी आणि म्हणे आत सूर्याच्या १६ लाख पट वस्तुमानाचं ब्लॅकहोल. फोटोत तर ठिपका दिसतो नुसता! एमएस्सीला बीपीटी डायग्राम शिकलेलो, उभ्या अक्षावर ऑक्सिजनच्या लाइनची (म्हणजे स्पेक्ट्रममध्ये ठरावीक तरंगलांबीला चमकणाऱ्या रेषेची) तीव्रता भागिले एच-बीटाची, आडव्यावर नायट्रोजन भागिले एच-अल्फा (एच-अल्फा, एच-बीटा दोन्ही हायड्रोजनच्या लाइन), गॅलेक्सी सीमारेषेच्या वर गेली तर ब्लॅकहोल, खाली राहिली तर तारे. तोच का नाही लावला इथे?

चहाटळ_फोटॉन: ज्या स्पेक्ट्रमवरून हे ठरवलं त्यात एच-अल्फा दिसतच नाही ना. मूळ ६५६३ अँगस्ट्रॉमची लाइन, रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणाने तरंगलांबी ताणली जाणं) १०.६, म्हणजे ती ७.६ मायक्रॉनला जाऊन पडली आणि जेम्स वेब दुर्बिणीचा स्पेक्ट्रम घेणारा निअरस्पेक ५.३ ला संपतो. रेडशिफ्ट ७ च्या आत जिथे दिसते तिथेही बीपीटी गंडतो. १९८१ चा डायग्राम तो, जवळच्या गॅलेक्सींवर बेतलेला, त्यांच्या गॅसमध्ये ताऱ्यांच्या कित्येक पिढ्यांचा नायट्रोजन मुरलाय. लहानग्या गॅलेक्सीत तो नसतोच फारसा, मग ब्लॅकहोलवालीसुद्धा डावीकडे सरकून ताऱ्यांच्या घोळक्यात जाऊन बसते. (आणि नेमक्या जीएन-झेड११ मध्ये नायट्रोजन भरमसाट, ते वेगळंच कोडं.)

स्पेक्ट्रमकाकू: माझा भरवसा लाइनच्या रुंदीवर, गॅस जितका वेगात फिरतो तितकी ती पसरते. एच-अल्फा हजार किमी प्रति सेकंदाच्या वर पसरलेली आणि त्याच स्पेक्ट्रममध्ये ५००७ अँगस्ट्रॉमची ऑक्सिजन लाइन सुईसारखी बारीक, असं दिसलं की कान टवकारायचे. गॅस नुसता गॅलेक्सीबाहेर फेकला जात असता तर ऑक्सिजनही पसरला असता की. ब्लॅकहोलला खेटून फिरणारा गॅस इतका दाट असतो की ऑक्सिजनच्या आयनाला तो फोटॉन सोडायला उसंतच मिळत नाही, त्याआधीच इलेक्ट्रॉन धडकून त्याची ऊर्जा काढून घेतो. हायड्रोजनला ती अडचण नाही.

निशाचर_७७: ओह, म्हणजे बारीक लाइन हाच पुरावा! पण मग जीएन-झेड११ ची एच-अल्फा निअरस्पेकला दिसतच नाही म्हटल्यावर काय बघितलं?

चहाटळ_फोटॉन: अल्ट्राव्हायोलेट लाइन, रेडशिफ्टमुळे त्या निअरस्पेकच्या टप्प्यात येतात. नायट्रोजनच्या लाइनांच्या आपसातल्या प्रमाणावरून घनता काढली तर घन सेंटिमीटरला १०० कोटी कणांच्या वर, ताऱ्यांभोवतीच्या नेहमीच्या नेब्युलात (गॅसच्या ढगात) एवढी दाटी कुठून येणार. शिवाय तीनदा आयनित (तीन इलेक्ट्रॉन गमावलेला) निऑन, त्याला ६३ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, साध्या ताऱ्यांच्या उजेडात तेवढा दम नसतो.

शंकेखोर: नुसती हेलियमची लाइन दाखवून कोणी ब्लॅकहोल म्हणालं तर मात्र लगेच मान डोलवू नका, तिला लागणाऱ्या ५४ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत वुल्फ-राये तारेही (अतितप्त, जड तारे) पोचतात. आणि रुंदीवरून काढलेलं वस्तुमान? दाट गॅसमधल्या इलेक्ट्रॉनांवर आपटून आपटूनही लाइन पसरते, तसं झालं असेल तर वेबला दिसलेल्या त्या 'छोट्या लाल ठिपक्यां'मधल्या (लिटल रेड डॉट्स) ब्लॅकहोलांची वस्तुमानं बरीच खाली येतील, भांडण चालू आहे त्यावर. वेबने शोधलेल्या अशा बऱ्याच ब्लॅकहोलांचे एक्स-रे 'चंद्रा' या एक्स-रे दुर्बिणीला सापडले नाहीत हेही आहेच.

स्पेक्ट्रमकाकू: वस्तुमानाचं मान्य, पण मग ऑक्सिजन बारीकच का राहिला ते सांगा. दाट गॅस तर तुम्हालाही लागतोच आहे 🙂